आयर्लंडची ८०० वर्गाची इंजिनं बांधायलाच नको होती

धुराडे

आधीच सांगून टाकतो, मला वाफेच्या इंजिनांचं वेड आहे. त्यामुळे 'याला काय कळतंय' म्हणून सुटता येणार नाही. पण वेड वेगळं आणि हिशेब वेगळा. आयर्लंडच्या रेल्वेचा विषय निघाला की कुणीतरी ८०० वर्गातल्या मेव्ह या इंजिनाचा फोटो टाकतं, खाली पन्नास 'वा' येतात आणि विषय तिथेच संपतो. मला तो आज संपवायचा नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १९२५ साली आयरिश फ्री स्टेटच्या हद्दीतल्या रेल्वे एकत्र करून ग्रेट सदर्न रेल्वेज ही कंपनी झाली. तिच्या डब्लिनमधल्या इंचिकोर कारखान्यात १९३९-४० मध्ये तीन इंजिनं बांधली गेली: ८०० मेव्ह, ८०१ माखा आणि ८०२ टाल्टे. तिन्ही नावं आयरिश पुराणकथांतल्या बायकांची. चाकांची मांडणी ४-६-० (पुढे ४ लहान, मध्ये ६ मोठी, मागे एकही नाही), तीन सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास १८½ इंच आणि दट्ट्याची धाव २८ इंच, मोठी चाकं ६ फूट ७ इंचांची, बॉयलरचा दाब २२५ पौंड. आयर्लंडच्या रुळांवर याहून ताकदवान वाफेचं इंजिन ना आधी धावलं ना नंतर. इथवर कौतुकच.

आता वजन बघा. एकेका आसावर २१ टन. एवढा भार पेलणारे रूळ आणि पूल कंपनीकडे एकाच मार्गावर होते, डब्लिन ते कॉर्क, १६५ मैल. गॉलवेला जायचं नाही, वॉटरफर्डला जायचं नाही. उद्या नको झाली तर विकायला गिऱ्हाईकही जवळपास नाही, कारण आयर्लंडचा रूळ ५ फूट ३ इंचांचा. तसला रूळ ऑस्ट्रेलियाच्या काही भागात आणि ब्राझीलमध्ये.

कंपनीची अवस्था तर विचारू नका. बस आणि लॉऱ्यांनी धंदा खाल्लेला. १९३३ च्या कायद्यानं भागभांडवल छाटून टाकलेलं. १९३८ च्या अखेरीस देशातल्या वाहतुकीची चौकशी करायला सरकारनं लवाद नेमला, आणि त्याच हिवाळ्यात इंचिकोरमध्ये मेव्हचं काम चाललं होतं. पुढच्या दारात सावकार उभा आणि मागच्या दारानं सोनार आत!

बरं, बांधली किती? तीन. एक दुरुस्तीला, एक बॉयलर धुवायला, एक रुळावर. वेळापत्रक आखणाऱ्यानं भरवसा कुणावर ठेवायचा? जुन्या ४०० आणि ५०० वर्गावर भागत होतं. ही तीन निव्वळ हौस. बोला.

रूळकरी

धुराडेसाहेब, निकाल लागल्यावर पेपर सोडवताय.

'४०० वर गाडं भागत होतं' हे वाक्य तुम्ही फार पटकन टाकलंत. ४०० वर्गाचा इतिहास तुम्हाला माहीत आहे, म्हणूनच पटकन टाकलंत असा संशय येतो. १९१६ पासून वॉटसनच्या आराखड्यावर १० बांधली, चार सिलिंडरची. दिसायला झोकदार, कोळसा खायला बकासुर, आणि दुरुस्तीला तर कारखान्यातलेच लोक कंटाळलेले. ३ इंजिनं १९३० च्या सुमारासच भंगारात गेली. म्हणजे भर तारुण्यात. उरलेल्या ७ ची चार सिलिंडरं काढून दोन बसवली तेव्हा कुठे ती माणसांत आली. बेझिनची ५०० ची इंजिनं चांगली होती, कबूल, पण तीही तीनच. तेव्हा तीनच्या आकड्यावरून हसायचं असेल तर तिथेही हसा.

१९३८ साली कंपनीचा मुख्य इंजिनिअर ब्रेडिन याच्या टेबलावर काय होतं ते पाहा. ब्रिटनशी सहा वर्षं चाललेलं व्यापारयुद्ध एप्रिल १९३८ च्या करारानं मिटलं होतं. मधल्या काळात 'कोळसा द्या, गुरं घ्या' असा करार करून कोळसा आणावा लागला होता, ती अडचण सरली. बस आणि मोटारीशी टक्कर द्यायची तर मुख्य मार्गावर वेग हवा, आणि जड गाडी घेऊन वेग हवा. कॉर्क सोडलं की आधी बोगदा आणि १:६० चा चढ. तुम्ही म्हणाल, आमच्या बोर घाटात १:३७ आहे. आहे, पण तिथे मागून ढकलायला इंजिनं लावतात आणि कुणी घाटात ताशी ६० मैलांची अपेक्षा करत नाही. इथे चढ संपला की पुढे धावायचं होतं. चाचणीत ही इंजिनं ताशी ९० मैलांच्या पुढे गेली. सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध सुरू होईल आणि दीड वर्षात कोळसा आटेल, हे ब्रेडिनला स्वप्नात सांगायला कोण येणार होतं?

आणि एक. तुम्ही हौस म्हणता, मी कारखाना म्हणतो. इंचिकोर १८४६ पासूनचं. स्वतःचा आराखडा, स्वतःचा बॉयलर, स्वतःची माणसं. नव्या देशाला आपल्या हातानं काहीतरी मोठं करावंसं वाटणं हा गुन्हा नाही.

धुराडे

देशाला वाटलं तर देशानं पैसे द्यावेत. इथे दिवाळं निघायला आलेली कंपनी देत होती. बाकी ४०० बद्दल मान्य, पण तुमचाच मुद्दा तुमच्यावर उलटतो: दोन सिलिंडरची करून ती ७ इंजिनं माणसांत आली ना? मग त्याच वाटेनं अजून चार पावलं जायचं. ती सुधारलेली इंजिनं १९५० च्या दशकात काम करत होती, तुमच्या टाल्टेबाई तोवर भंगाराच्या वाटेला लागल्या होत्या.

कोळसेवाली

तुम्ही दोघं नकाशावर भांडताय. इंजिन चालतं भट्टीतल्या जाळीवर.

मी भुसावळची. वडील शेडला आधी फायरमन, मग ड्रायव्हर. त्यांचं एक म्हणणं होतं, ड्रायव्हर वाईट असला तर गाडी उशिरा पोहोचते, कोळसा वाईट असला तर पोहोचतच नाही. चांगला कोळसा जळून राख होते, खाली पडते. वाईट कोळशाची राख वितळते आणि जाळीवर काचेसारखा थर धरते. क्लिंकर. खालून हवा यायची बंद, वर ढीगभर कोळसा आणि दाब मात्र उतरतोय. मग गाडी थांबवा, आग उपसा, क्लिंकर फोडा, पुन्हा आग लावा. घरी आले की हातावरचे फोड बघूनच कळायचं त्या दिवशी कसला कोळसा मिळाला ते.

आयर्लंडमध्ये युद्धाच्या वर्षांत हेच रोज झालं. तिथे आगगाडीला पुरेल असा कोळसा जमिनीत नाही. सगळा ब्रिटनमधून यायचा. १९४१ पासून ब्रिटननं आधी दर्जा खाली आणला, मग वजन. भुकटी मिळायची, तिच्या विटा थापून वापरायच्या. पीट, म्हणजे दलदलीतली वाळवलेली माती, तीसुद्धा इंजिनात घालून पाहिली. युद्धाच्या शेवटी शेवटी मुख्य मार्गांवरही प्रवासी गाड्या आठवड्यातून मोजक्या दिवशी सुटायच्या. असल्या दिवसांत २२५ पौंड दाबाचं इंजिन म्हणजे शर्यतीच्या घोड्याला कडबा. घोड्याची चूक नाही. पण रूळकरी, तुम्ही 'कुणाला माहीत होतं' म्हणता ते मला पटत नाही. व्यापारयुद्धात सहा वर्षं कोळशासाठी गुरं मोजून झाली होती. ज्याची चूल दुसऱ्याच्या सरपणावर पेटते त्यानं चूल मोठी करण्याआधी विचार करायला हवा होता.

त्यामुळे मी धुराडे यांच्या बाजूची, पण त्यांच्या कारणांसाठी नाही. तीन की तेरा यानं काही फरक पडला नसता. तेरा असती तर तेरा उभी राहिली असती.

उगाच

कसला स्वतःचा आराखडा? इंग्लंडच्या रॉयल स्कॉट इंजिनाची नक्कल दिसते की. शेजारी शेजारी फोटो ठेवून बघा.

रूळकरी

@उगाच: जो रॉयल स्कॉट तुम्ही शेजारी ठेवताय तो नव्या निमुळत्या बॉयलरचा आणि दुहेरी धुराड्याचा आहे. तो तसा १९४३ पासून दिसायला लागला. मेव्ह १९३९ ची, तीही दुहेरी धुराड्याची. नक्कल कुणी कुणाची केली ते तुम्हीच ठरवा. (कुणीच केली नाही. त्या काळातली तीन सिलिंडरची मोठी ४-६-० इंजिनं एकाच साच्यातली वाटतात.)

@कोळसेवाली: ताई, वडिलांचं वाक्य लिहून ठेवलं. पण तुमचा मुद्दा सरळ घेतला तर १९३८ साली आयर्लंडनं कुठलंच वाफेचं इंजिन बांधायला नको होतं. मग गाड्या कशावर चालवायच्या?

वीजवाला

विजेवर! इतका वेळ या वाक्याचीच वाट बघत होतो.

शॅनन नदीवरचं आर्डनाक्रुशाचं जलविद्युत केंद्र १९२९ पासून चालू. कोळसा नाही, पण पाणी आहे. आणि १९३२ मध्ये डब्लिन ते ब्रे या मार्गावर चक्क बॅटरीची आगगाडी धावायला लागली. जेम्स ड्रम या आयरिश रसायनशास्त्रज्ञाची निकेल-जस्ताची बॅटरी. आणि गाडी बांधली कुठे? इंचिकोरमध्येच. म्हणजे रूळकरी ज्या कारखान्याच्या अभिमानाबद्दल बोलतायत त्याच कारखान्यानं जगाच्या पुढची वस्तू करून दाखवली होती, आणि सात वर्षांनी तोच कारखाना पुन्हा धुराकडे वळला. युद्धात कोळशाच्या गाड्या रडतखडत चालल्या तेव्हा ड्रमच्या गाड्या मजेत धावत होत्या.

आपल्याकडचं उदाहरण द्यायला हरकत नसावी, कारण काळ तोच आहे. डेक्कन क्वीन १९३० साली सुरू झाली ती विजेच्या इंजिनानंच. ज्या दशकात मुंबई-पुणे विजेवर गेलं त्या दशकाच्या शेवटी डब्लिन-कॉर्कवर तीन सिलिंडरची राणी आणणं हा मला उलटा प्रवास वाटतो.

रूळकरी

बॅटरी दर फेरीनंतर चार्ज करावी लागायची. ब्रे वीसेक किलोमीटरवर, कॉर्क २६६. मध्ये थांबून चार्ज करत गेलात तर कोळसेवाली ताईंच्या क्लिंकरपेक्षा जास्त वेळ लागेल. :)

आणि तारा टाकायच्या म्हणत असाल तर मुंबई-पुण्याची गर्दी डब्लिन-कॉर्कवर आणा आधी. मुंबईच्या उपनगरांत लाखो माणसं रोज ये-जा करतात, घाटात मालगाड्यांची रांग लागते, तिथे तारेचा खर्च वसूल होतो. दिवसाकाठी मोजक्या गाड्या असलेल्या मार्गावर २६६ किलोमीटर तार कोण टाकणार, तीसुद्धा धुराडे म्हणतात तशी दिवाळखोर कंपनी? डब्लिन-कॉर्क मार्गावर आजही डिझेल आहे. आज! राष्ट्रीयीकरण झालं, युरोपात गेले, श्रीमंत झाले, पण तार कॉर्कला पोहोचली नाही. १९३८ च्या ब्रेडिनला काय दोष देता?

वीजवाला

आज तार नाही हा मुद्दा तुमच्या बाजूनं कसा झाला कळलं नाही. चूक शंभर वर्षं टिकली तर ती बरोबर ठरत नाही. पण डिझेल म्हणता तर डिझेलही होतंच. काउंटी डोनेगॉलच्या चिमुकल्या रुळांवर १९३१ पासून डिझेल रेलकार. उत्तरेत हार्लंड अँड वुल्फ या जहाजवाल्यांनी बेलफास्ट अँड काउंटी डाउन रेल्वेसाठी १९३३ मध्ये डिझेल इंजिन बांधलं. म्हणजे पर्याय होता, डोळे नव्हते.

मर्लिनप्रेमी

डिझेल डिझेल करणाऱ्यांनी १९५५ नंतरचं बघावं. मेट्रोव्हिक या ब्रिटिश कंपनीची ६० मोठी डिझेल इंजिनं आणली, त्यात क्रॉसलीची यंत्रं. इतकी कुरकुरली की पुढे १९६८ पासून सगळ्यांची यंत्रं काढून जनरल मोटर्सची बसवावी लागली. १९३८ चं डिझेल १६५ मैलांवर जड मेल ओढणार होतं? डोनेगॉलची रेलकार म्हणजे रुळावरची बस.

माझं म्हणणं तिसरंच. आयर्लंडमध्ये मोठं इंजिन कसं बांधावं याचा धडा आधीच झाला होता, फक्त दुसऱ्या कंपनीत. ग्रेट नॉर्दर्न रेल्वेनं १९३२ मध्ये मँचेस्टरच्या बेयर पीक कारखान्याकडून व्ही वर्गाची ५ इंजिनं घेतली: ईगल, फाल्कन, मर्लिन, पेरेग्रिन, केस्ट्रेल. ४-४-०, तीन सिलिंडरची कंपाउंड, म्हणजे एकदा वापरलेली वाफ पुन्हा वापरणारी. आधी ड्रोहेडाजवळचा बॉइन नदीवरचा पूल मजबूत केला, मग त्या पुलाला झेपेल एवढंच इंजिन मागवलं. अंथरूण पाहून पाय पसरणं म्हणतात ते हे. डब्लिन-बेलफास्टवर पाचांनी वर्षानुवर्षं काम केलं. त्यातली मर्लिन जतन झाली आणि नुसती उभी न राहता उत्साही लोकांच्या खास गाड्या ओढत धावली. तुमच्या ८०० च्या तीन राण्यांमधली एकटी मेव्ह वाचली, ती पण काचेआडच्या साडीसारखी.

रूळकरी

मर्लिन सुंदरच आहे, वाद नाही. पण मँचेस्टरला ऑर्डर देऊन आणलेलं इंजिन आणि घरी बांधलेलं इंजिन यांत मला फरक वाटतो. तुम्हाला वाटत नसेल तर इथे थांबू.

धुराडे

मर्लिनप्रेमींनी अंथरुणाची म्हण काढलीच आहे, तर माझं खरं दुखणं सांगतो.

आयर्लंडची रेल्वे चालवली कुणी? जे१५ नं. मूळ १०१ वर्ग. मॅकडॉनेलच्या काळात सुरू झालेली छोटी ०-६-० मालगाडीची इंजिनं. १८६६ ते १९०३ पर्यंत १११ बांधली. हलकी, म्हणून कुठल्याही फाट्यावर जायची. माल ओढायची, प्रवासी ओढायची, जत्रेची गुरं ओढायची, आणि वाफ संपेपर्यंत, म्हणजे १९६० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत, ओढत राहिली. कंपनीला १९३८ मध्ये पैसा कुठे घालायचा होता? तिथे. छोट्या फाट्यांवरच्या म्हाताऱ्या इंजिनांच्या जागी थोडी मोठी, हलक्याच आसाची, कुठेही जाणारी वीस इंजिनं. वुलविचच्या जोडणीची इंजिनं डोळ्यासमोर होती की! पहिल्या महायुद्धानंतर वुलविचच्या शस्त्रकारखान्यात तयार झालेले मॉन्सेलच्या आराखड्याचे सुटे भाग स्वस्तात घेतले, इंचिकोरला जोडले, २६ इंजिनं झाली. मॉन्सेल मूळचा इंचिकोरचाच माणूस. ती २६ गॉलवेला गेली, कॉर्कला गेली, सगळीकडे गेली. त्यांना नावं नाहीत, म्हणून फोटोखाली 'वा' नाहीत.

रूळकरी, तुम्ही कारखान्याच्या अभिमानाचं बोललात. अभिमान या २६ चा का नाही धरत?

रूळकरी

धरतो. पण ती २६ इंग्लंडच्या नकाशावरून जोडली हे तुम्हीच आत्ता लिहिलंत.

कोळसेवाली

दोघांचंही एकमेकांवर उलटतंय, चालू द्या. माझी एक पुरवणी. १९४७ च्या हिवाळ्यात ब्रिटनमध्येच कोळसा संपला आणि आयर्लंडला पुन्हा उपास घडला. तेव्हा तिथल्या शंभराच्या आसपास इंजिनांना तेलाचे बर्नर बसवले आणि दुरून ओळखू यावीत म्हणून त्यांच्यावर पांढरे मोठे गोल रंगवले. फोटोत टिकली लावल्यासारखी दिसतात. पुन्हा कोळसा सुरू झाला आणि टिकल्या पुसल्या. मला मेव्हच्या हिरव्या रंगापेक्षा त्या टिकल्या जास्त बोलतात.

लिफीकाठची

डब्लिनमध्ये नऊ वर्षं आहे, म्हणून दोन गोष्टी.

मेव्ह बघायची असेल तर डब्लिनला नाही, बेलफास्टजवळ कल्ट्राच्या संग्रहालयात जावं लागतं. मी मुलांना घेऊन गेले होते. फोटोत कळत नाही ते तिथे कळतं: चाक माझ्या डोक्याच्या वर जातं. नाव जुन्या आयरिश वळणाच्या अक्षरांत आहे, व्यंजनावर टिंब असतं ती लिपी. मुलांनी आयरिश शाळेत शिकूनही ती लगेच लागली नाही. बाकीची कंपनीची इंजिनं करडी होती आणि या तिघींनाच हिरवा रंग दिला होता, हे वाचून धुराडे यांचा 'सोनार' आठवला.

दुसरी गोष्ट, इथल्या लोकांना हमखास हसू येतं ती. कथेतली मेव्ह ही कॉनाक्ट या पश्चिमेकडच्या प्रांताची राणी. एका बैलासाठी तिनं उत्तरेकडच्या अल्स्टर प्रांतावर स्वारी केली. आता इंजिन बघा. २१ टनांच्या भारामुळे मेव्ह कॉनाक्टमध्ये म्हणजे गॉलवेच्या बाजूला कधी जाऊच शकली नाही, आयुष्य गेलं लेन्स्टर-मन्स्टरमध्ये, म्हणजे डब्लिन आणि कॉर्कच्या प्रांतांत, आणि म्हातारपणी मुक्काम अल्स्टरमध्ये. माखानं तर कथेत अल्स्टरच्या पुरुषांना शाप दिलेला. ती संग्रहालयात गेली नाही हे त्यांच्या दृष्टीनं बरंच झालं.

बांधायला हवी होती का ते मला ठरवता येत नाही. पण धाकटा तिच्या चाकाला टेकून बसला तो निघायलाच तयार नव्हता.

धुराडे

ताई, कॉनाक्टचा मुद्दा माझ्या पहिल्या आक्षेपाला जोडून घेतो, परवानगी असावी.

रूळकरींचं एक मला खोडता आलं नाही: १९३८ च्या एप्रिलनंतर कोळसा येत राहील असं मानायला जागा होती. तेवढं मागे घेतो. वीजवाल्यांची तार मला पटली नाही, कोळसेवालीताईंची जाळी पटली. पण तीन इंजिनं, एक मार्ग, रिकामी तिजोरी, यावर मी आहे तिथेच आहे.

बाकी पुढच्या उन्हाळ्यात कल्ट्राला जायचा बेत आहे. कसं जायचं?

लिफीकाठची

डब्लिनहून बेलफास्टची गाडी. बेलफास्टला बँगोरची लोकल पकडा, कल्ट्रा स्टेशनला उतरा, संग्रहालय चालत. लोकल डिझेलची आहे, आणि तो रूळ वीजवाल्यांच्या त्या काउंटी डाउन रेल्वेचा.

वीजवाला

बघा!

रूळकरी

डिझेलची आहे, विजेची नाही. नीट वाचा.